दारापासून ढलावापर्यंत

शहरातील केरकचऱ्याचा विचार बहुधा त्याच्या शेवटच्या मुक्कामापासून सुरू होतो. दिल्लीसारख्या महानगरात हा मुक्काम दुरूनही दृष्टीस पडतो. गाझीपूर येथील कचराभूमी १९८४ साली सुरू झाली, भलस्वा येथील १९९४ साली आणि ओखला येथील १९९६ साली. तिन्ही ठिकाणी कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. १ सप्टेंबर २०१७ रोजी गाझीपूरच्या डोंगराचा एक भाग कोसळला व त्यात दोघांचे प्राण गेले. त्या घटनेनंतर या डोंगरांची उंची, त्यांतून निघणारे वायू आणि त्यांवरील उपाय यांची पुष्कळ चर्चा झाली. परंतु डोंगरावर पडणारी प्रत्येक पिशवी कोणत्या तरी घराच्या दारातून निघालेली असते. दारातून निघून मालमोटारीत पडेपर्यंत तिचा प्रवास कसा होतो, ती कोण उचलतो आणि त्याचा मोबदला कोण देतो, याकडे क्वचितच लक्ष जाते.

प्रस्तुत प्रकरणाचा विषय हा पहिला प्रवास होय. अंतराने तो थोडक्या पावलांचाच असतो. रुंद रस्त्यावरील वसाहतीत तो कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण तेथे गाडी दाराशीच येऊन उभी राहते. जेथे गाडी शिरू शकत नाही अशा दाट वस्तीत मात्र सगळी व्यवस्था याच अंतरावर अडते. दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे अशा वस्तीचे उत्तम उदाहरण आहे. तेथील परिस्थिती समजून घेऊन मग पुणे, मुंबई आणि परदेशांतील दोन नगरे यांच्या अनुभवाशी ती ताडून पाहिली, तर लोकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या कचराव्यवस्थेचा पाया कशावर उभा असतो हे स्पष्ट होईल.

लाल रेषेच्या आतील गाव

मुनिरका हे मूळचे जाटांचे खेडे. टोकस कुळीची घरे येथे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत राजधानी दक्षिणेकडे पसरली आणि गावाची शेतजमीन संपादन करण्यात आली. त्या परिसरात रामकृष्णपुरम् ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत उभी राहिली, वसंत विहार वसला, १९६९ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा विस्तार झाला, आणि दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका बांधल्या गेल्या. शेती गेली, राहिले ते केवळ गावठाण.

दिल्लीत या गावठाणाला ‘लाल डोरा’ म्हणतात. १९०८ च्या सुमारास झालेल्या जमाबंदीत महसुली नकाशावर वस्तीची जागा लाल रेषेने वेढून दाखविली गेली, त्यावरून हे नाव पडले. रेषेबाहेरील जमिनीवर सारा होता. आतील जागेवर नव्हता. पुढे १९६३ साली निघालेल्या अधिसूचनेने या गावठाणांना बांधकामाच्या नियमांतूनही सूट मिळाली. शेतकऱ्याला आपल्या अंगणात गोठा वा खोली बांधण्यासाठी नकाशा मंजूर करून घ्यावा लागू नये, एवढाच त्या सवलतीचा हेतू. पण शेतजमीन गेल्यावर घर हेच गावकऱ्यांच्या उत्पन्नाचे साधन बनले आणि या सवलतीच्या आधाराने जुन्या वाड्यांच्या जागी चार-चार, पाच-पाच मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. इमारती उंच झाल्या तरी गल्ल्या मात्र बैलगाडीच्या आणि पायवाटेच्या काळातल्याच राहिल्या. काही गल्ल्यांतून दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीशी अंग चोरून उभे राहावे लागते.

या इमारतींतील खोल्यांत आज निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे राहतात. जवळच्या विद्यापीठातील विद्यार्थी, स्पर्धापरीक्षांची तयारी करणारे तरुण, ईशान्येकडील राज्यांतून आलेल्या नोकरदार मुली, बिहार आणि उत्तर प्रदेशातील कामगार यांची येथे दाटी आहे. २०१८ साली मेट्रोचे स्थानक झाल्यावर ही वस्ती शहराच्या दूरदूरच्या भागांशी जोडली गेली. बाह्य वर्तुळाकार मार्गावरून दिवसभर वाहने धावत असतात. पण त्या मार्गापासून दोन वळणे आत शिरले की कचऱ्याच्या गाडीचा मार्ग संपतो.

कायद्याने मोकळे सोडलेले अंतर

या ठिकाणी कायद्याचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. दिल्ली महानगरपालिका अधिनियम १९५७ साली संमत झाला. या अधिनियमाने इमारतीचे मालक व भोगवटादार यांच्यावर असे कर्तव्य घातले, की त्यांनी आपल्या जागेतील केरकचरा गोळा करून पालिकेने नेमून दिलेल्या जागी नेऊन टाकावा. पालिकेची जबाबदारी त्या जागेपासून पुढे सुरू होत असे. दिल्लीत अशा जागेला ‘ढलाव’ म्हणतात. तीन बाजूंनी भिंती, वर छप्पर आणि समोर मालमोटार उभी राहील इतकी मोकळी जागा, असे हे पक्के बांधकाम असते.

म्हणजे दारापासून ढलावापर्यंतचे अंतर कायद्याने घरमालकाच्या पदरात टाकले होते. घरमालक ते स्वतः चालला नाही. त्याने महिन्याला काही रुपये ठरवून एखाद्या माणसाला ते काम सांगितले. हा माणूस पालिकेच्या हजेरीपटावर नव्हता. कचरा नेण्याचे पैसे त्याला घरोघरी मिळत आणि ढलावात बसून त्याच कचऱ्यातून निवडलेला कागद, काच, पत्रा व प्लॅस्टिक कबाड्याला विकून दुसरे उत्पन्न होई. अशा रीतीने एक संपूर्ण व्यवस्था कागदावर कोठेही नोंद न होता उभी राहिली.

१९९६ साली अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेमुळे देशातील नागरी कचऱ्याचा प्रश्न प्रथमच राष्ट्रीय पातळीवर विचारात घेतला गेला. त्यातून २००० साली नागरी घनकचऱ्यासंबंधीचे नियम आले. घरोघर जाऊन कचरा गोळा करणे हे स्थानिक संस्थेचे काम आहे, आणि झोपडवस्त्यांतूनही तो गोळा झाला पाहिजे, असे त्या नियमांनी सांगितले. २०१६ साली त्यांची जागा अधिक विस्तृत नियमांनी घेतली. ओला, सुका आणि घरगुती धोकादायक अशा तीन भागांत कचरा वेगळा करणे नागरिकांना बंधनकारक झाले. सेवेबद्दल शुल्क आकारण्याची तरतूद झाली. आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावे असे स्पष्ट शब्दांत नमूद झाले.

नियम उत्तम होते. परंतु नियमांतील ‘घरोघर’ या शब्दाचा दिल्लीतील व्यवहारी अर्थ ‘जेथवर गाडी जाईल तेथवर’ असा झाला. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते, घंटा वा गाणे वाजवते आणि ठरावीक वेळाने निघून जाते. चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू त्या वेळी कामावर गेलेला असतो, अथवा रात्रपाळी करून झोपलेला असतो. मग पिशवी कोपऱ्यावर ठेवली जाते. कुत्री ती फाडतात, पावसाळ्यात ती गटारात जाते, आणि तुंबलेल्या पाण्यात डास वाढतात. हिवाळ्यात कोणीतरी तो ढीग पेटवून देतो. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच दिला आहे. परंतु दंड जाळणाऱ्याला होतो, आणि ढीग तेथे का साचला हा प्रश्न तसाच राहतो.

याच सुमारास आणखी एक बदल घडत होता. शहर स्वच्छ दिसावे म्हणून अनेक ढलाव बंद करून त्यांच्या जागी कचरा दाबून भरणारी बंदिस्त यंत्रे बसविण्यात आली. दुर्गंधी कमी झाली हे खरे; पण ढलावाच्या आडोशाला बसून निवड करणाऱ्या माणसाची जागा मात्र गेली. दिल्लीच्या निवडीच्या कामात बंगाली भाषक कामगारांचा वाटा मोठा आहे. मुनिरक्यापासून काही किलोमीटरवर, मसूदपूरजवळच्या जयहिंद कॅम्पमध्ये कूचबिहारकडून आलेली अशी अनेक कुटुंबे राहतात. शहराचा कचरा निवडून पोट भरणाऱ्या या माणसांना आपली झोपडी उद्या जागेवर असेल की नाही याची खात्री नसते. तेव्हा मुनिरक्यासारख्या वस्तीतील कचऱ्याचा विचार करताना स्वच्छतेइतकाच उपजीविकेचा प्रश्नही समोर ठेवावा लागतो.

पुण्यातील स्त्रियांचा अनुभव

या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर पुण्यात पाहावयास मिळते. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांतील पुष्कळजणी दलित समाजातील आहेत. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबांतील अनेक बाया या कामाकडे वळल्या. डोक्यावर वा पाठीवर पोते घेऊन त्या पहाटे निघत, कुंड्या उपसत, आणि रस्त्यावर चोरीचा संशयही त्यांच्यावरच येई.

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण व पूर्णिमा चिकरमाने यांनी या स्त्रियांमध्ये काम सुरू केले. हमाल पंचायतीचा दीर्घ अनुभव असलेले डॉ. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन लाभले. १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या नावाची संघटना स्थापन झाली. नावातच कचरा हा शब्द नाही ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या स्त्रिया कागद, काच आणि पत्रा हाताळतात, म्हणजे उद्योगाला लागणारा कच्चा माल गोळा करतात, असे त्या नावाने सांगितले. संघटनेची पहिली मागणी ओळखपत्राची होती. पुणे महानगरपालिकेने ती मान्य केली, आणि पुढे वैद्यकीय विम्याचा हप्ताही भरला. शहराचा कचरा कमी करणारी व्यक्ती शहराची सेवा करीत असते, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

दुसरी पायरी २००८ सालची. कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि महानगरपालिका यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. त्याची रचना साधी आहे. संस्थेच्या दोन सदस्या ठरलेल्या घरांतून रोज कचरा घेतात. घरे त्यांना दरमहा शुल्क देतात. सुक्या कचऱ्यातील विकाऊ माल त्यांचा. उरलेला कचरा त्या ठरल्या जागी पालिकेच्या गाडीत देतात. पालिका त्यांना पगार देत नाही. देखरेखीचा खर्च, ढकलगाड्या, हातमोजे यांसारखी साधने आणि मुख्य म्हणजे मान्यता देते. झोपडवस्तीत शुल्क कमी ठेवले जाते आणि तफावतीचा काही भार पालिकेने उचलावा अशी व्यवस्था आहे. तीन हजारांहून अधिक कचरावेचक या संस्थेत सामील झाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. बोळात गाडी जात नाही. पण बादली घेतलेली बाई जाते. ती जिना चढते. कोणते घर कुलूपबंद आहे, कोणत्या घरी लहान मूल आहे आणि कोणते घर ओले-सुके एकत्र करते, हे तिला ठाऊक असते. वापरलेले शोषक कपडे व लंगोट कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, ही पुण्यात रूढ झालेली सूचना अशाच अनुभवातून आली. उघड्या हातांनी निवड करणारीलाच ती सुचणे स्वाभाविक होते.

तथापि पुण्याचे चित्र निर्दोष आहे असे समजू नये. पहिला करार २०१३ साली संपला, नवा २०१६ साली झाला, आणि तोही २०२० च्या अखेरीस संपला. प्रत्येक वेळी मुदतवाढीसाठी धडपड करावी लागली, आणि हे काम मोठ्या ठेकेदाराकडे सोपवावे काय, ही चर्चा पुनःपुन्हा निघाली. लोकांच्या हातची व्यवस्था चांगली चालली तरी तिला कायमचे स्थान मिळतेच असे नाही, हा धडाही पुण्यानेच दिला आहे.

इतर नगरांची साक्ष

मुंबईत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा आपणच वेगळा करण्याचा उपक्रम केला, आणि त्यातून महानगरपालिकेची ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ योजना आकाराला आली. ती मुख्यतः सोसायट्यांच्या वस्तीत रुजली. झोपडपट्ट्यांसाठी ‘दत्तक वस्ती योजना’ निघाली. स्थानिक मंडळाने घराघरांतून थोडे शुल्क घेऊन कचरा गोळा करावा आणि पालिकेने आरंभी अनुदान द्यावे, अशी तिची कल्पना. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ साली ‘परिसर विकास’ हा कार्यक्रम सुरू करून कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना खतनिर्मितीचे शिक्षण दिले. या तिन्ही प्रयत्नांची तुलना केली असता असे दिसते, की जेथे रहिवासी स्वतःच्या घराचे मालक होते तेथे रहिवाशांचे मंडळ टिकले. आणि जेथे वस्ती अस्थिर होती तेथे व्यवस्था काम करणाऱ्यांच्या संघटनेवर अवलंबून राहिली.

ब्राझीलमधील कुरितिबा नगरापुढे मुनिरक्यासारखीच अडचण होती. काही गरीब वस्त्यांत गाडी शिरत नसे, आणि कचरा ओढ्यात जाई. १९८९ साली नगराध्यक्ष जैमी लर्नर यांच्या प्रशासनाने ठरविले, की गाडी आत जात नसेल तर लोकांनी कचरा बाहेर आणावा, आणि त्याबद्दल नगराने त्यांना मोबदला द्यावा. आरंभी बसची तिकिटे देण्यात आली. १९९१ पासून चार किलो सुक्या मालाच्या बदल्यात एक किलो भाजीपाला देण्याची पद्धत सुरू झाली. हा भाजीपाला जवळपासच्या शेतकऱ्यांकडून घेतला जाई. ज्या खर्चाने एरवी यंत्रे व ठेकेदार पोसावे लागले असते, तो गरिबाच्या ताटात गेला.

कैरोचे उदाहरण उलट दिशेचे आहे. तेथे ‘जब्बालीन’ नावाचे लोक अनेक दशके घरोघरी जिने चढून कचरा गोळा करीत. ओला भाग ते डुकरांना घालीत, आणि सुक्या भागातील बहुतेक वस्तू पुन्हा वापरात आणीत. २००३ साली सरकारने हे काम स्पॅनिश व इटालियन कंपन्यांना दिले. त्यांच्या मोठ्या गाड्या अरुंद बोळांत शिरेनात. रस्त्यावर पेट्या ठेवल्या, तर दारात कचरा देण्याची सवय झालेले लोक तेथवर येईनात. २००९ साली साथीच्या भयाने देशातील सुमारे तीन लाख डुकरे मारण्यात आली आणि ओला कचरा रस्त्यांवर कुजू लागला. नोंदवहीत नसलेली एक साखळी तोडल्यावर तिचे मोल सर्वांना कळले.

एका गल्लीचा हिशेब

आता पुन्हा मुनिरक्याकडे वळून एका कल्पित गल्लीचा हिशेब मांडू. गल्लीत वीस इमारती आहेत, प्रत्येकीत पंधरा खोल्या आणि खोलीत सरासरी दोन माणसे आहेत असे धरू. म्हणजे ३०० खोल्या आणि ६०० माणसे झाली. मोठ्या भारतीय शहरांत माणशी रोज सुमारे अर्धा किलो कचरा निघतो असे मानले, तर गल्लीचा रोजचा कचरा ३०० किलो होईल. एका ढकलगाडीत ७५ किलो मावत असेल तर रोज चार खेपा लागतील. खोलीमागे एक मिनिट धरले तरी गोळा करण्यासच पाच तास जातील. प्रत्येक मजल्यावरील भाडेकरूंनी बादल्या जिन्याच्या पायथ्याशी आणून ठेवल्या, आणि इमारतीमागे दहा मिनिटे पुरली, तर हेच काम तीन तास वीस मिनिटांत होईल. उरलेला वेळ निवडीला मिळेल.

कचऱ्यातील साधारण अर्धा भाग ओला असतो. दिल्लीच्या उन्हाळ्यात तो एक दिवसही ठेवता येत नाही, आणि मुनिरक्यात खताचा खड्डा करण्यास मोकळी जागा नाही. तेव्हा १५० किलो ओला कचरा रोज बाहेर गेलाच पाहिजे. सुका भाग कुजत नाही. तो कोरडा राहिला तर त्यातील कागद, पुठ्ठा, बाटल्या व पत्रा यांना भाव मिळतो. वरणाचे पाणी लागलेल्या पुठ्ठ्याला कोणी विचारीत नाही. म्हणून ओले व सुके वेगळे ठेवणे हा केवळ नागरिकशास्त्राचा धडा नव्हे. दोन बादल्या ठेवणारा भाडेकरू उचलणाऱ्याच्या मिळकतीत प्रत्यक्ष भर घालीत असतो.

मोबदल्याचा हिशेबही असाच करावा. खोलीमागे महिन्याला ५० रुपये मिळाले तर गल्लीतून १५,००० रुपये जमतात, आणि विकाऊ मालाचे उत्पन्न वेगळे. एका माणसाच्या उपजीविकेला हा आधार पुरेल. परंतु निम्म्याच खोल्यांनी पैसे दिले तर रक्कम ७,५०० वर येते, आणि कचरा मात्र तेवढाच राहतो. कारण न देणाऱ्याची पिशवी कोपऱ्यावर सापडतेच. आकडे कल्पित असले तरी त्यांतून निघणारा निष्कर्ष खरा आहे: अशा व्यवस्थेचे यश गाडीच्या आकारापेक्षा वसुलीच्या नियमितपणावर अवलंबून असते.

समाज म्हणजे कोण?

लोकांच्या पुढाकाराविषयी बोलताना ‘वस्तीतील समाज’ असा शब्दप्रयोग सहज केला जातो. मुनिरक्यात त्याचा अर्थ शोधू लागले की तीन वेगळे समूह समोर येतात. पहिला घरमालकांचा. गावाचे निर्णय त्यांच्या बैठकीत होतात, मतदारयादीत त्यांची नावे आहेत आणि नगरसेवकाशी त्यांचे बोलणे होते. पण खोल्यांतील बराचसा कचरा त्यांचा नसतो. दुसरा भाडेकरूंचा. कचरा त्यांचा असतो. पण त्यांचा भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा, मत गावाकडे, आणि बैठकीचे निमंत्रण त्यांना नसते. तिसरा उचलणाऱ्यांचा. सगळे काम त्यांचे; पण ते राहतात दुसऱ्याच वस्तीत, आणि त्यांचे नाव कोणत्याही नोंदीत नसते. निर्णय घेणारा, कचरा करणारा आणि तो नेणारा हे तिघे एका बैठकीत कधी येत नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यावरचा ढीग हा या तिघांच्या न झालेल्या बोलण्याचा परिणाम आहे.

यावरून उपायाची दिशा दिसते. शुल्क हे वीज-पाण्याप्रमाणे भाड्यात धरून घरमालकाने एकत्र द्यावे. म्हणजे भाडेकरू बदलला तरी वसुली खंडित होत नाही. बादल्या खाली आणण्याची वेळ भाडेकरूंना विचारून ठरवावी, कारण विद्यार्थ्याची आणि रात्रपाळीच्या कामगाराची सोय निराळी असते. उचलणाऱ्याचे नाव, गल्ली आणि मोबदला यांची लेखी नोंद व्हावी, त्याला ओळखपत्र मिळावे, आणि निवडीसाठी छप्पर असलेली थोडी जागा राखून ठेवावी. दिल्लीत ‘चिंतन’ ही संस्था १९९९ पासून कचरावेचकांमध्ये काम करीत आहे आणि ‘सफाई सेना’ ही त्यांची संघटना २००९ साली नोंदली गेली. तेव्हा अशा संघटनेशी करार करणे राजधानीतही अशक्य नाही.

महानगरपालिकेचे कर्तव्य यामुळे संपत नाही. लोक करतात म्हणून पालिकेने हात काढून घेणे ही १९५७ चीच पुनरावृत्ती ठरेल. गल्लीच्या तोंडाशी ठरलेल्या वेळी रिकामी गाडी आणणे, ओले व सुके तिच्यात पुन्हा एकत्र न करणे, आणि न परवडणाऱ्या खोल्यांच्या शुल्काचा भार उचलणे, ही कामे कोणतेही मंडळ करू शकत नाही. घरांनी निष्ठेने वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र झालेला लोकांनी एकदा पाहिला, की दुसऱ्या दिवसापासून दोन बादल्यांची एक बादली होते.

पाहणीसाठी प्रश्न

आपल्या गावातील वा शहरातील अशी एखादी गल्ली निवडून अभ्यासमंडळाने पुढील गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात.

१. गाडी जेथे थांबते तेथपासून सर्वांत आतल्या घरापर्यंत किती पावले होतात? त्यांपैकी किती पायऱ्या?

२. गाडी कोणत्या वेळी येते, आणि त्या वेळी किती घरांत माणूस असते?

३. आज हे अंतर प्रत्यक्षात कोण चालते? त्या व्यक्तीला कोण, किती आणि किती नियमितपणे पैसे देते?

४. सुक्या कचऱ्यातील कोणत्या वस्तूला स्थानिक भंगाराच्या दुकानात भाव आहे, आणि कोणती वस्तू कोणीच घेत नाही?

५. गल्लीसंबंधी निर्णय जेथे होतो, तेथे कचरा करणारे आणि तो उचलणारे यांपैकी कोण हजर असते?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे एका सकाळीच मिळतील. पाचव्याचे उत्तर मिळविण्यास अधिक वेळ लागेल, आणि पुष्कळदा ते ‘कोणीही नाही’ असेच येईल. तसे आले तर अभ्यासमंडळाने नवी गाडी मागण्याचा अर्ज लिहिण्यापूर्वी त्या तिघांना एका सतरंजीवर बसविण्याची खटपट करावी. पुण्यातील स्त्रियांनी आपल्या कामाचा आरंभ अशाच एका बैठकीने केला होता, आणि त्या दिवशी त्यांच्यापाशी ढकलगाडीही नव्हती.